कागद आमचे, किल्ली कोणाच्या कमरेला?

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात दोन आपत्ती जवळजवळ एकाच वेळी ओढवल्या. वरकरणी त्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि नद्यांना पूर आले. परभणीच्या गोदाकाठीही शेते आणि वस्त्या पाण्यात गेल्या. धान्य नासले, जमीन खरवडून गेली, आणि पंचनाम्याच्या कोणत्याही रकान्यात जिची नोंद होत नाही अशी एक वस्तू अनेक घरांतून गेली: माळवदावर किंवा पलंगाखाली ठेवलेली कागदांची पत्र्याची पेटी. त्याच महिन्याच्या २६ तारखेला दक्षिण कोरियातील देजॉन शहरात सरकारच्या माहिती-केंद्राला आग लागली. सरकारी नोकरांनी आपले दप्तर ठेवावे म्हणून उभारलेली क्लाउड साठवण तीत भस्मसात झाली. ८५८ टेराबाइट मजकूर होता आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती. संगणकविद्येत अग्रेसर म्हणवणाऱ्या राष्ट्राची ही गत!

पत्र्याच्या पेटीवर विसंबलेला गोदाकाठचा शेतकरी आणि क्लाउडवर विसंबलेला कोरियन कारकून या दोघांची चूक मात्र एकच होती. दोघांचीही सारी ठेव एकाच ठिकाणी होती. हे ध्यानात घेतले म्हणजे आपले खाजगी कागद, छायाचित्रे आणि दस्तऐवज कोणत्या क्लाउडमध्ये ठेवावेत, हा हल्ली घरोघरी विचारला जाणारा प्रश्न फार वेगळ्या रीतीने मांडावा लागतो. तो प्रश्न शहरी सुखवस्तूंचा आहे असे आमच्यातील पुष्कळांना वाटते. आमच्या मते तो मालकीचा प्रश्न आहे, आणि मालकीच्या प्रश्नावर समाजवाद्यांनी मौन पाळण्याचे कारण नाही.

प्रथम आमच्याच मित्रांचा समाचार घेऊ. "क्लाउड हे अमेरिकन भांडवलदारांचे गोदाम आहे, आमचे कागद आमच्या पेटीत बरे" असे म्हणणारे कार्यकर्ते आजही भेटतात. गोदामाविषयी ते म्हणतात ते खरे आहे. पण पेटीविषयीचा त्यांचा विश्वास कशावर आधारला आहे? पेटीला वाळवी लागते, पेटी पुरात जाते, भाऊबंदकीत एका भावाच्या घरी गेलेली पेटी दुसऱ्या भावाला उघडावयास मिळत नाही. आणि पेटीपेक्षा भक्कम असे सरकारी दप्तर तरी काय लायकीचे होते? २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली तेव्हा राज्याच्या कारभाराच्या फाइलींची राख झालेली उभ्या महाराष्ट्राने दूरचित्रवाणीवर पाहिली. तेव्हा "क्लाउड नको" ही भूमिका क्रांतिकारक नाही. ती निव्वळ आळसाची आहे.

मराठवाड्यातील माणसाला तर हे कोणी शिकवण्याची गरज पडू नये. आपले कागद दुसऱ्याच्या राजधानीत पडून असणे म्हणजे काय, हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट गेली. परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, मग मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. १९९९ च्या १ मे रोजी त्याच्यातून हिंगोली वेगळा निघाला. राज्य बदलले, जिल्हा बदलला, तालुका बदलला. प्रत्येक फेरबदलात दप्तराच्या गाठोड्यांनी मुक्काम हलवला. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभिला तेव्हा उर्दू आणि मोडीतली जीर्ण पाने वाचणारी माणसे शोधण्यापासून तयारी करावी लागली, आणि शोध हैदराबादपर्यंत न्यावा लागला. त्या मागणीच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. आमचा मुद्दा एवढाच की, आजोबांच्या नावापुढे काय लिहिले होते हे कळण्यासाठी नातवाला परराज्याच्या दप्तरखान्याच्या दारात उभे राहावे लागले. ज्या घरांत खासरा पाहणीचा उतारा किंवा जुना शाळेचा दाखला कोणीतरी सांभाळून ठेवला होता, ती घरे रांगेतून सुटली. कागद जपणे हा आपल्याकडे हौसेचा विषय कधीच नव्हता.

(काळाचा विनोद असा की २०२२ साली अॅमेझॉनने आपल्या क्लाउडची भारतातील दुसरी मोठी केंद्रे याच हैदराबादेत उघडली. निजाम गेला, दप्तरखाना मात्र पुन्हा तेथेच!)

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू, कारण खरा अपराध त्याचा आहे. हा पक्ष म्हणजे "पंधरा जीबी मोफत आहे, टाका आणि निश्चिंत व्हा" असा उपदेश करणाऱ्यांचा. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि यूट्यूबवरील चित्रफितींतून कोष्टके दिली जातात: गूगल पंधरा जीबी देते, मायक्रोसॉफ्ट आणि अॅपल पाच-पाच, ड्रॉपबॉक्स दोन, जिओने २०२४ साली शंभर जीबीची घोषणा केली. म्हणजे जो जास्त ओततो तो चांगला. गुळाच्या अडतीत वजनाने माल घ्यावा तसा हा व्यवहार. या कोष्टकांत एक रकाना कधीच नसतो: उद्या दुकानदाराने दार लावले तर माल कोणाचा?

या प्रश्नाचे उत्तर अनुभवाने मिळालेले आहे. गूगलने अनेक वर्षे "छायाचित्रे कितीही ठेवा, पैसा नको" असे सांगून जगभरच्या कुटुंबांची लग्ने, बारशी आणि जत्रा आपल्या कोठारात भरून घेतल्या. १ जून २०२१ पासून तो नियम फिरवला. सवय लागली होती, छायाचित्रे हजारोंनी साठली होती, ती उचलून न्यायची कोठे आणि कशी हे कोणाला ठाऊक नव्हते. लोकांनी निमूटपणे मासिक भाडे सुरू केले. पुढे त्याच कंपनीने दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती साठवणीसकट पुसून टाकण्याचे धोरण जाहीर केले आणि डिसेंबर २०२३ पासून ते अमलात आणण्यास प्रारंभ केला. सावकाराच्या वहीतसुद्धा गहाण सुटण्याची मुदत काही पिढ्यांची असे.

यावर कोणी म्हणेल, भाडे द्यावे, खाते वापरत राहावे, म्हणजे झाले. तेवढ्यानेही होत नाही. २०२२ साली न्यूयॉर्क टाइम्सने सॅन फ्रान्सिस्कोतील एका बापाची कहाणी प्रसिद्ध केली. आजारी लेकराचे छायाचित्र त्याने डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढले; गूगलच्या यंत्राने ते अश्लील ठरवून त्याचे खाते बंद केले. पोलिसांनी चौकशी करून त्याला निर्दोष म्हटले, तरी कंपनीने खाते परत दिले नाही. पत्रव्यवहार, छायाचित्रे, दूरध्वनी क्रमांक, सारे गेले. आणि हे एकट्यादुकट्या माणसाचेच होते असे समजू नका. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांचे कारण पुढे करून मायक्रोसॉफ्टने गुजरातेत तेलशुद्धीकरणाचा प्रचंड कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीची सेवा तोडली. पैसे भरलेले होते, भारतीय कायद्याचा कोणताही भंग झालेला नव्हता. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, मग सेवा पूर्ववत झाली. नायराजवळ वकिलांची फौज होती. पालम किंवा सोनपेठच्या माणसाचे खाते बंद झाले तर त्याने कोणत्या न्यायालयात जावे? त्याच्याशी बोलायला त्या कंपनीत माणूसच नेमलेला नसतो.

पण परभणीसारख्या जिल्ह्यात कागद अमेरिकेला पोहोचण्यापूर्वीच त्यांच्यावरचा ताबा सुटतो, आणि या गोष्टीची चर्चा मुंबई-पुण्यातील तज्ज्ञ मुळीच करत नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी तहसील कचेरीसमोर ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्यांची दुकाने असतात. पीकविमा असो, शिष्यवृत्ती असो, उत्पन्नाचा दाखला असो, जात पडताळणी असो, माणूस तेथे आधारकार्ड, सातबारा, बँकेचे पासबुक आणि मुलीच्या गुणपत्रिका घेऊन उभा राहतो. दुकानदार ते सारे आपल्या मोबाईलवर व्हॉट्सअॅपने मागवून घेतो. ईमेलचा पत्ता पाहिजे असला की तेथल्या तेथे नवे खाते उघडतो. संकेतशब्द स्वतःच ठरवतो, पुष्कळदा सर्व गिऱ्हाइकांना एकच. पडताळणीचा क्रमांकही घाईत स्वतःचाच घालतो. खातेदार शेतकरी, खाते मात्र दुकानदाराच्या खिशात. पुढे दुकान बंद पडते, मोबाईलचा नंबर बदलतो, रिचार्ज न केलेले सीमकार्ड काही काळाने दुसऱ्याच कोणाला मिळते, आणि त्या खात्यात शिरण्याची वाट कायमची बुजते. यात त्या दुकानदारांचा दुष्टपणा असतोच असे नाही. बहुतेक जण बेकार पदवीधर आहेत, दिवसाला शंभर माणसे निपटून संसार चालवतात. दोष आहे तो सगळा कारभार ऑनलाइन करून माणसाला मात्र निरक्षर ठेवणाऱ्या व्यवस्थेचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्याने स्वतःच्या शेताचे छायाचित्र स्वतः काढून सरकारला पाठवावे असे ठरले. पाठवलेल्या छायाचित्राची प्रत आपल्याजवळ ठेवावी, हे मात्र कोणत्या मोहिमेत सांगितले गेले? विम्याच्या नुकसानीची सूचना २०२५ पूर्वी ७२ तासांत द्यावी लागे; त्यानंतर वाद सुरू होई तो महिनोन्‌महिने चाले; आणि दरम्यान मोबाईल भरला म्हणून बुडालेल्या सोयाबीनचे चित्रण पुसून टाकलेले असे. पुरावा शेतकऱ्याच्या हातून गेला. कंपनीच्या दप्तरी जे उरले ते उरले.

दुसऱ्याच्या हाती पडलेले कागद निष्क्रिय पडून राहतात, हाही भ्रम आहे. गंगाखेड येथे २०१७ साली शेतकऱ्यांनी फिर्याद दिली ती याच स्वरूपाची होती: ऊस नोंदणीच्या निमित्ताने दिलेल्या कागदपत्रांवर परस्पर बँकांचे कर्ज उचलले गेले, असा त्यांचा आरोप होता. ज्यांनी कधी बँकेची पायरी चढली नव्हती त्यांच्या दारी वसुलीच्या नोटिसा आल्या. न्यायालयाचा निर्णय काय व्हायचा तो होवो. कागदाची प्रत दुसऱ्याकडे असणे म्हणजे आपल्या नावाचा वापर करण्याची सत्ता दुसऱ्याकडे असणे, एवढे त्या नोटिसांनी जिल्ह्याला शिकवले.

येथे सरकारधार्जिणे लोक म्हणतील, परकी कंपनी नको तर आपले डिजिलॉकर आहे. २०१५ पासून ते आहे आणि ते उपयुक्त आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. आधारकार्ड आणि गुणपत्रिका तेथून मिळतात, त्या मूळ कागदाइतक्याच ग्राह्य धरल्या जातात, आणि स्वतः चढवलेल्या कागदांसाठी एक जीबी जागा असते. परंतु जो कागद सरकारनेच दिला तो सरकारजवळ ठेवण्यात विशेष ते काय? जो कागद सरकारविरुद्ध लागणार आहे तो कोठे ठेवाल?

हा प्रश्न काल्पनिक नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकासमोरील डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळ संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, हिंसाचार, आणि मग वस्त्यांतून धरपकड. विधीचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, असे औरंगाबाद खंडपीठाने सांगेपर्यंत २०२५ चा जुलै उजाडला, आणि तो आदेश सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला. या सात महिन्यांत पोलिसी वर्तनाविषयी जे काही लोकांसमोर आले त्यात सामान्य माणसांनी मोबाईलवर टिपलेल्या चित्रणांचा वाटा मोठा होता. मोबाईल जप्त होऊ शकतो, फोडला जाऊ शकतो. तेव्हा असे चित्रण मोबाईलच्या बाहेर, दूर कोठेतरी, तात्काळ पोहोचणे अत्यावश्यक असते. क्लाउडचा हा खरा उपयोग आहे, आणि म्हणूनच पेटीवाल्या मित्रांशी आमचे पटत नाही. पण ते चित्रण जेथे पोहोचले तेथील किल्ली जर कंपनीच्या कमरेला असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली एक पत्र गेले की कंपनीला दार उघडावे लागते. अमेरिकेने २०१८ साली केलेल्या कायद्याचे नावच योगायोगाने 'क्लाउड अॅक्ट' आहे; अमेरिकन कंपनीचे कोठार जगात कोठेही असो, तिच्या ताब्यातील मजकूर तेथील न्यायालयीन आज्ञेने मागवता येतो. आणि आपल्याकडे खाजगी माहितीच्या रक्षणासाठी म्हणून २०२३ साली झालेला कायदा? त्याच्या १७ व्या कलमाने केंद्र सरकारला हव्या त्या सरकारी यंत्रणेला त्यातून वगळण्याची मुभा दिली आहे. राखणदारालाच कुंपणात पळवाट ठेवून दिलेली.

म्हणून जीबीची कोष्टके बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारायचा तो हा: किल्ली कोणाजवळ राहते? ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळा नावाच्या सांकेतिक लिपीत बांधून ठेवले. पोथी कोणाच्याही हाती लागो, वाचील तो पंथाचाच. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे आणि भावे प्रभृतींच्या खटपटीने ती लिपी उकलेपर्यंत शतकानुशतके ते कुलूप टिकले. (लीळाचरित्राची मूळ प्रत हरवली तेव्हा शिष्यांच्या पाठांतरातून ते पुन्हा सिद्ध झाले असे पंथ सांगतो, एकाहून अधिक जागी ठेवण्याचे महत्त्वही त्यांना कळले होते तर!) आजच्या भाषेत याला दोन्ही टोकांचे कूटबंधन म्हणतात. मजकूर तुमच्याच यंत्रात कुलूपबंद होतो आणि मग दूर जातो. कोठाराच्या मालकाला तो वाचता येत नाही, मागणी आली तरी देण्याजोगे त्याच्याजवळ काही नसते. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या साध्या खात्यात असे नसते. प्रोटॉन ड्राइव्ह, मेगा अशांच्या सेवेत असते. अॅपलने २०२२ पासून ही सोय मागणाऱ्याला दिली, तर ब्रिटिश सरकारच्या दडपणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या देशात ती मागे घ्यावी लागली. सत्ताधाऱ्यांना कोणत्या कुलपाची धास्ती वाटते, याचा यापेक्षा चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही. जुने खाते सोडवत नसेल तर क्रिप्टोमेटरसारख्या मुक्त संगणकप्रणालीने फाइली आधी बंद करून मग त्याच पंधरा जीबीत टाकता येतात. मात्र ही किल्ली हरवली तर जगातील कोणीही ती पुन्हा घडवून देणार नाही. ती कागदावर लिहून दोन विश्वासाच्या घरी ठेवावी. एक माहेरी, एक सासरी असे म्हटले तरी चालेल.

बाकीच्या कसोट्या थोडक्यात सांगता येतील. सारा माल एका दमात बाहेर काढता येतो की नाही, हे भरण्यापूर्वी पाहावे. गूगलच्या बाबतीत 'टेकआउट' नावाची सोय त्यासाठी आहे, ती वर्षातून एकदा तरी वापरावी. 'सिंक' म्हणजे जपणूक नव्हे: मोबाईलवर पुसलेले तेथेही पुसले जाते, आणि गूगल ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवसांनी रिकामी होते. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक गावाबाहेर, हा जाणत्यांचा नियम देजॉनच्या अधिकाऱ्यांनी पाळला असता तर ८५८ टेराबाइट गेले नसते. एका कुटुंबाचे महत्त्वाचे कागद, फेरफार, पाहणीपत्रक, दाखले, जात पडताळणी, मृत्यूपत्र, हे सारे मिळून एक जीबीदेखील भरत नाहीत. जागा खातात ती चित्रणे. तेव्हा कागद आणि पुरावे वेगळे काढावेत, ते कुलूपबंद करून एका क्लाउडमध्ये आणि एका पेनड्राइव्हवर ठेवावेत, तो पेनड्राइव्ह दुसऱ्या गावच्या नातलगाकडे द्यावा. शुभेच्छांची फुले आणि सकाळचे सुविचार वाहून गेले तरी कोणाचे नुकसान नाही.

परंतु प्रत्येकाने आपापले पाहावे, एवढेच सांगून थांबणे आमच्या विचाराला शोभणारे नाही. ज्याला संगणक माहीत आहे तो तरेल आणि ऊसतोडीला जाणारा बुडेल, असा तो उपदेश होईल. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. गावोगावी अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालये आहेत, त्यांतील पुष्कळ ओस पडली आहेत. आमची मागणी अशी की परभणी जिल्ह्यात प्रत्येक तालुक्याच्या एका ग्रंथालयाला कागदांचे मुक्त भांडार चालवण्यास द्यावे. नेक्स्टक्लाउडसारखी प्रणाली त्यासाठी फुकट मिळते, ती कोणालाही तपासता आणि बदलता येते. किल्ली सभासदाजवळ राहील, ग्रंथपालाजवळ नाही. नऊ तालुक्यांची नऊ भांडारे एकमेकांच्या प्रती सांभाळतील, म्हणजे गंगाखेडला पाणी शिरले तर जिंतुरात प्रत असेल. ग्रंथालयात आठवड्यातून दोन दिवस कागद स्कॅन करून खातेदाराच्या हाताने संकेतशब्द ठरवून घ्यावा, दुकानदाराच्या नव्हे. केरळने आपल्या शाळांत मुक्त प्रणाली आणली ती दोन दशके टिकली आहे. तेथील शिक्षक करू शकतात ते आमच्या जिल्ह्यातील अभियांत्रिकीच्या आणि १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना अशक्य का असावे?

पैसा कोठून आणणार, हा प्रश्न जिल्हा नियोजनाच्या बैठकीत हमखास विचारला जाईल. विचारणाऱ्यांत आमदारही असतील. त्यांच्यापैकी प्रत्येकाला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो, आणि त्यातून उभी राहिलेली सभामंडपे गावोगावी कुलपे लावून पडलेली आहेत. एका तालुक्याचे भांडार उभारण्यास लागणारी यंत्रे दोन-चार लाखांत येतात. यंदाच्या यादीतून प्रत्येकाने एक मंडप कमी करावा.